चमच्यात सगळे हजर

रविवार, १२ फेब्रुवारी १९९५. दुपारचे साडेबारा. माधव नगर, उज्जैन, आमच्या घरमालकांचं मागचं अंगण.

हजर: घरमालक काका, वय एकसष्ट. काकू. त्यांची मुलगी नंदा, वय अठ्ठावीस, बँकेत नोकरी. नंदाने पसंत केलेला मनीष, त्याच बँकेत. मनीषचे वडील आणि आई, देवासकडचे, सोयाबीनचे व्यापारी, घराण्यात अंड्याचं नाव घेतलं तरी चूळ भरणारे. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू म्हणजे माझा नवरा आणि मी. याशिवाय एक मोठा टब, टबात बर्फाचं पाणी आणि पाण्यात तरंगणारी दोन सारखी पातेली. त्यातल्या एका पातेल्यात मटण होतं. कोणत्या, हे त्या क्षणी हजर असलेल्या कोणालाही सांगता येत नव्हतं.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या डायरीतून जशीच्या तशी उतरवली आहे. मला याद्या करायची सवय आहे. कुठे कोण होतं, काय आणलं, काय राहिलं, हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. काकांना माझ्यातलं एवढं एकच आवडायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, तरी ते मला "मॅडम" म्हणत. ज्याच्याकडे लेखी नोंद असते त्याला मान द्यायचा, असा त्यांचा नियम होता.

काका नापतौल खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांची वजनं, तराजू, लिटरची मापं तपासायची आणि बरोबर असली तर त्यावर शिक्का मारायचा, हे काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. त्यांचे पूर्वज दरबारच्या कोठीत धान्य मोजायला पुण्याकडून इकडे आले होते. काका हे असं सांगायचे की जणू काल आले आणि अजून मोजणी संपलेली नाही. घरात शिकारीच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. तलवार नव्हती, पण पितळेचं एक शेराचं माप देवघरात होतं आणि त्याला रोज हळदकुंकू लागायचं.

आम्ही जागा बघायला गेलो तो दिवस मला आठवतो. काकांनी वरची खोली दाखवली, मग खिशातून टेप काढला.

"मी तुमच्या मिस्टरांना बारा फूट सांगितली होती," ते म्हणाले. "खोली अकरा फूट दहा इंच आहे. विचार करून कळवा."

"काका, चालेल की," माझा नवरा म्हणाला. "दोन इंचांनी काय होतंय?"

"तुम्हाला आत्ता वाटतं चालेल. घरी जा. झोपा. मग सांगा."

आम्ही दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं की दोन इंच कमी असलेली खोली आम्हाला मान्य आहे, तेव्हा किल्ली मिळाली. ते पत्र त्यांनी फाईलला लावलं. उज्जैनमध्ये तेव्हा घरं मिळणं कठीण नव्हतं, पण असा घरमालक सोडून जाणं मला बरं वाटेना.

त्यांचे उद्योग गावभर माहीत होते. एकदा राम घाटावर ते पायऱ्यांची उंची मोजत बसले होते. घाटावर श्राद्धकर्म करणारा एक पंडा जवळ आला आणि त्याने अदबीने विचारलं, "किसका काम है, बाबूजी? पिताजी का?"

"सीढ़ी का," काका म्हणाले. "ये वाली पौन इंच ऊँची है. लोग गिरते होंगे."

पंड्याने थोडा विचार केला आणि सांगितलं की रोज दोन-तीन पडतात. काकांनी समाधानाने मान डोलावली. लोक पडतात याचं समाधान नव्हतं, हिशेब जुळला याचं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला काम उरलं नाही. त्याच सुमारास आमच्या गल्लीत केबल आली. काकू मालिका बघायच्या, नंदा गाणी, आणि काका दुपारी तीन वाजता एका परदेशी वाहिनीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम. आवाज बंद करून. ती गोरी बाई काय बोलते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ती कसं कापते एवढंच ते बघत.

एका दुपारी त्या बाईने एका मोठ्या भांड्यात गाजर, काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी, शिजवलेलं मांस आणि छोट्या नळ्यांसारखा पास्ता असं सगळं एकाच आकारात कापून एकत्र केलं, वर काहीतरी आंबट ओतलं, आणि एक चमचा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. काका खुर्चीतून उठले. नंदाने मला नंतर सांगितलं की बाबांचे डोळे पाणावले होते.

"बघितलंस?" ते काकूंना म्हणाले. "एका चमच्यात सगळे हजर!"

"कोशिंबीर आहे ती," काकू म्हणाल्या.

"कोशिंबिरीत मटण असतं का?"

"नसतं. म्हणूनच ती बरी लागते."

दुसऱ्या दिवसापासून काका तीन वाजता फूटपट्टी घेऊन टीव्हीसमोर उभे राहू लागले. पडद्यावर गाजराचा तुकडा आला की पट्टी लावायचे. पण पडदा चौदा इंची, खरा तुकडा केवढा हे कसं कळणार? त्यांनी तोड काढली. त्या बाईचा अंगठा पडद्यावर मोजला, मग काकूंचा अंगठा मोजला, आणि त्रैराशिक मांडलं. काकू आठवडाभर अंगठा धरून फिरत होत्या, कारण काका दिवसातून चारदा मोजायचे. उत्तर आलं अकरा मिलिमीटर. गाजर अकरा, काकडी अकरा, मटण अकरा. हेच मकरोनीच्या एका नळीचं माप असायला हवं होतं, म्हणून ते टावर चौकात गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात नुकती परदेशी धर्तीची पाकिटं दिसायला लागली होती. मी कोथिंबीर घ्यायला गेले होते, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं.

काकांनी पाकिटातून मकरोनी दाखवायला सांगितली आणि खिशातून मोजायचं यंत्र काढलं. दुकानदाराचा चेहरा पडला.

"इंस्पेक्टर साब, आप तो रिटायर हो गए ना?"

"मैं हुआ हूँ. माप नहीं हुआ."

त्यांनी सतरा नळ्या मोजल्या. मग अर्धा किलो घेतली आणि दुकानदाराला सांगितलं की माल चांगला आहे. दुकानदाराने हात जोडले. मला वाटतं त्याला तेवढं प्रमाणपत्र सरकारनेही कधी दिलं नसेल.

मग घरात कापाकापी सुरू झाली. काकांनी पितळी पत्र्याच्या दोन पट्ट्यांना चौकोनी भोकं पाडून घेतली. पहिल्या भोकातून तुकडा गेला पाहिजे आणि दुसऱ्या, किंचित लहान भोकातून जाता कामा नये. जो गेला तो नापास. नापास तुकड्यांची वेगळी परात होती आणि त्याची भाजी रोज संध्याकाळी काकू करत. त्या हिवाळ्यात आम्ही भाडेकरूंनीही बरीच नापास भाजी खाल्ली. वाटाण्याला काकांनी तीन संध्याकाळी संधी दिली, पण तो गोल तो गोलच. "वाटाणा सुधारत नाही," असा शेरा मारून त्यांनी त्याला कायमचा बाहेर काढला.

जेवताना ते चमचा तोंडाजवळ नेऊन थांबायचे आणि हजेरी घ्यायचे.

"गाजर?"

"हजर," नंदा कंटाळून म्हणायची.

"काकडी?"

"हजर."

"मटण?"

"बाबा, खा आता. पास्ता लगदा होतोय."

एखादा गैरहजर असला तर चमचा परत भांड्यात. त्यामुळे त्यांचं जेवण सव्वा तास चालायचं. पण एक सांगते, पदार्थ चांगला होता. मी मटण खात नाही, माझ्यासाठी ते बिनमटणाचा वेगळा वाडगा करायचे. राईची पूड, लिंबू, थोडा शिरका, मिरपूड, तेल. करकरीत भाज्या आणि मऊ नळ्या. एका वाडग्यात पोट भरायचं. माझा नवरा माझ्या माहेरी शाकाहारी म्हणून ओळखला जातो. तो खाली जाऊन मटणवाला वाडगा खायचा आणि वर येऊन बडीशेप चघळायचा.

जानेवारीत नंदाने मनीषचं सांगितलं. काकांना मुलगा आवडला, कारण त्याने पहिल्या भेटीत स्वतःची उंची विचारल्यावर "पाँच फुट साढ़े सात, जूते के साथ आठ" असं उत्तर दिलं. अडचण त्याच्या घरची होती. त्यांना मराठी मुलगी चालणार होती. मांसाहारी घर चालेल का, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. "एक बार आके देख लेते हैं," असं मनीषच्या आईने कळवलं होतं. त्या जेवायला येणार, बघणार आणि मग सांगणार. नंदा तीन वर्षं थांबली होती. तिचं सगळं त्या एका जेवणावर होतं आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकांनाही.

तरीही शनिवारी सकाळी काका मटणाची पिशवी घेऊन आले.

काकूंनी पिशवी बघितली आणि खाली बसल्या. "अहो, एक दिवस बटाट्याची भाजी, पुरी, श्रीखंड केलं तर तुमचं मटण रुसणार आहे का?"

"आपण रविवारी मटण खातो की नाही?"

"खातो."

"उद्या रविवार आहे की नाही?"

"बाबा, माझं लग्न आहे," नंदा म्हणाली. "तपासणी नाहीये."

"तपासणीच आहे, बेटा. ते तपासायला येतायत." काका शांतपणे बोलत होते, हीच भीतीची गोष्ट होती. "तेहतीस वर्षं मी दुकानदारांना विचारलं, मागच्या खोलीत काय ठेवलंय? आता मी मटण मागच्या खोलीत लपवून पुढे पुरी वाढू? मग लग्नानंतर एखाद्या रविवारी त्या बाई अचानक आल्या की? नंदाने आयुष्यभर दार लावत बसायचं?"

नंदा वर आमच्याकडे आली आणि माझ्या स्वयंपाकघरात अर्धा तास रडली. मी तिला चहा दिला आणि यादी करायला घेतली. मला दुसरं काही सुचत नाही.

काकांचा बेत असा होता. दोन पातेली करायची. एकात मटण, दुसऱ्यात पाहुण्यांसाठी सोयाबडी, म्हणजे सोयाबीनच्या वड्या. दोन्हींना समान मान मिळाला पाहिजे. पाहुण्यांना असं वाटता कामा नये की आपल्याला दुय्यम माल दिला. म्हणून सोयाबडीही अकरा मिलिमीटर. सोयाबडीचा रंग फिका पडला, तर तिला चहाच्या पाण्यात उकळून मटणाच्या रंगाला आणलं. मटणाला चहाचा वास नाही हे लक्षात आल्यावर न्यायासाठी मटणही चहाच्या पाण्यातून काढलं. दोन पातेली एकाच दुकानातली, एकाच मापाची. भरल्यावर दोन्ही काट्यावर ठेवली आणि कोबीचे तुकडे इकडून तिकडे करून वजन अगदी समसमान केलं. झाकणं तारेने बांधली, तारेला शिशाची मोहर लावली. एका झाकणावर खडूने "शा" आणि दुसऱ्यावर "मां" लिहिलं. माझ्या यादीत याची नोंद आहे. पुढे मी कंसात लिहिलंय, "सुंदर अक्षर".

फ्रिजमध्ये पातेली मावेनात. म्हणून रविवारी सकाळी टबात बर्फाचं पाणी भरून ती दोन्ही त्यात ठेवली, आणि ऊन लागू नये म्हणून काकूंनी वर ओली फडकी टाकली. काकांनी नीट बघून ठेवलं होतं: नळाकडचं शाकाहारी, तुळशीकडचं मांसाहारी.

पाहुणे अकराला आले. मनीषचे वडील कमी बोलणारे. आई मात्र ठसठशीत, डोक्यावर पदर, नजर घरभर फिरणारी. त्यांनी पाणी घेतलं नाही. "अभी घर से पीके निकले," म्हणाल्या. नंदाचा चेहरा पांढरा पडला. काकांनी त्यांना ताबडतोब सांगून टाकलं, "बहनजी, हमारे यहाँ इतवार को मटन बनता है. आज भी बना है. आपका अलग है." त्या फक्त "अच्छा" म्हणाल्या. त्या "अच्छा"चा अर्थ लावण्यात पुढचा तास गेला.

साडेबाराला काका मागे अंगणात गेले. मी ताटं मोजत होते. दोन मिनिटांनी त्यांची हाक आली, "मॅडम, जरा इकडे या. डायरी घेऊन."

फडकी बाजूला केलेली होती. ओल्या कापडाने खडू पुसून गेला होता. आणि पाण्यात दोन्ही पातेली हलके हलके फिरत होती, एकमेकांभोवती, लहान मुलं फेर धरतात तशी. मी बघत असतानाच नळाकडचं तुळशीकडे गेलं.

"जास्त खोल बुडालंय ते मटणाचं," माझा नवरा म्हणाला. तो आवाज ऐकून आला होता.

"वजन मीच सारखं केलंय," काका म्हणाले. हे वाक्य ते स्वतःवर गुन्हा दाखल केल्यासारखं बोलले.

मोहर तोडली. झाकणं काढली. दोन्हींत डोकावलो. गाजर, काकडी, कोबी, मकरोनी आणि मधून मधून तपकिरी चौकोन. मी आयुष्यात दोन वस्तू एवढ्या सारख्या पाहिल्या नाहीत. काकूंनी वास घेतला. "दोन्हीला चहाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

मग चाखायचं ठरलं. मी पळी आणली. माझ्या नवऱ्याने डावीकडचं खाल्लं, मग उजवीकडचं, आणि ठामपणे सांगितलं की मटण उजवीकडे. नंदाने दोन्ही खाल्लं आणि रडक्या आवाजात सांगितलं की मटण डावीकडे. काकांनी मत दिलं नाही, "मी पक्षकार आहे" म्हणाले. फेरतपासणी झाली. आता नवरा म्हणाला डावीकडे आणि नंदा म्हणाली उजवीकडे. राईची पूड जरा जास्त झाली आहे, याबद्दल मात्र एकमत झालं. तिसऱ्या फेरीला नवऱ्याने मोठी पळी घेतली तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं.

"पुरावा कमी पडतोय," तो म्हणाला.

"यहाँ तो पंगत बैठ गई!"

दारात मनीषची आई उभी होती. हात धुवायला आल्या होत्या. मागे मनीष आणि त्याचे वडील. नंदाच्या हातात वाटी होती, ती तिने पाठीमागे लपवली.

त्या क्षणी काकूंनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. मीही नेली असती. मी मनातल्या मनात दोन कारणं तयारही केली होती. पण काकांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि सरळ सांगितलं की बहनजी, एकात मटण आहे, एकात सोयाबडी आहे, आणि कोणत्यात काय आहे ते आम्हाला समजत नाही.

मनीषच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. मनीष नंदाकडे बघत होता. त्याची आई पदर नाकाला लावून टबापासून दोन हात लांब थांबली. पण गेली नाही.

"अब?" त्यांनी विचारलं.

"तौलेंगे," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत एकदम जीव आला. ते आत धावले आणि सराफाचा लहान तराजू घेऊन आले. दोन्ही पातेल्यांतून वीस-वीस तपकिरी चौकोन काढले. "तुकडे सगळे सारखे. मटण जड, सोया हलका. एका मिनिटात निकाल." एका पारड्यात वीस, दुसऱ्यात वीस. डावीकडचं पारडं किंचित खाली गेलं. काका सरळ उभे राहिले. "डावीकडे मटण."

"रुकिए भाईसाहब." मनीषच्या आईने हात वर केला. "बड़ी भिगोई थी?"

"हाँ."

"कितनी देर?"

"रात भर."

"फिर तो वो पानी पीके बैठी है. भीगी बड़ी का क्या वजन? जितना पानी, उतना वजन. ये तौल नहीं चलेगी."

काकांच्या कामात अशी चूक तेहतीस वर्षांत कोणी काढली नव्हती. मला वाटलं ते खचतील. पण ते त्या बाईंकडे अशा आदराने बघत राहिले की काकूंनी घसा खाकरला.

"सही कहा," काका म्हणाले. "पूरा सही कहा."

"हमारे घर का माल है, हम नहीं जानेंगे?" त्या म्हणाल्या. आता पदर नाकावरून खाली आला होता. "दबाइए. ये इधर वाला. उँगली में पकड़के दबाइए."

"दबाया."

"पानी छोड़ा?"

"छोड़ा."

"अब ढीला छोड़िए. फूला वापस?"

काकांनी बोटं सैल केली. तो चौकोन दमून बसलेला माणूस उठावा तसा पुन्हा अकरा मिलिमीटर झाला. "फूला!"

"अब दूसरा दबाइए."

दुसरा दबला नाही. काकांनी जोर लावला तसा तो फुटून त्याचे धागे झाले.

"बस. पहला वाला हमारा," त्या म्हणाल्या. "उजवा," असं मी डायरीत लिहिलं. म्हणजे तराजू बरोबरच होता, पण ते बोलायची कोणाची हिंमत झाली नाही. अंगणात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मनीषचे वडील पहिल्यांदा हसले. काकूंनी उजवं पातेलं उचललं आणि ताटांकडे निघाल्या. नंदा माझा हात एवढा घट्ट धरून उभी होती की बांगडी रुतत होती.

"थांब," काका म्हणाले.

काकू थांबल्या.

"मॅडम, मघाशी चाखताना पळ्या किती होत्या?"

माझ्या हातात डायरी होती. सगळ्यांना माहीत आहे की मी कधी चुकीची नोंद करत नाही, म्हणूनच त्या दिवशी मी केली असती तर कोणी तपासली नसती. "दोन" हा शब्द माझ्या जिभेवर होता. नंदा माझ्याकडे बघत होती. माझा नवरा आकाशाकडे बघत होता, कारण तीच पळी डावीकडून उजवीकडे सहा वेळा त्यानेच नेली होती. मी काकांकडे पाहिलं. ते मला धमकावत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि त्यांना माहिती हवी होती.

"एक," मी म्हणाले.

नंदाने माझा हात सोडला.

काकांनी काकूंच्या हातातून पातेलं घेतलं, पुन्हा टबात ठेवलं, आणि मनीषच्या आईसमोर उभं राहून सांगितलं, "बहनजी, ये भी आपके लायक नहीं रहा. एक ही चम्मच दोनों में गया है. मैं इस पर मुहर नहीं लगा सकता. दोनों ज़ब्त."

आणि खरोखर त्यांनी पंचनामा केला. मी लिहून घेतला. दोन पातेली, वजन समसमान, कारण एकच पळी. साक्षीदार म्हणून मनीषच्या वडिलांनी सही केली. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं, कागद पुढे आला आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. व्यापारी माणूस, निरीक्षकापुढे सवयीने सही करून गेला असावा.

दुपारचा दीड वाजला होता. घरात खायला वाढण्यासारखं काही नव्हतं. नंदा पायरीवर बसली होती. तिने आता लपवण्यासारखं काही उरलं नाही अशा सुरात मनीषला म्हटलं, "तुम लोग निकलो, धूप हो जाएगी."

मनीषची आई काकूंकडे वळली. "आटा कहाँ रखते हैं?"

काकूंना कळेना. "जी?"

"आटा. भूख लगी है. रोटी डालती हूँ." मग त्या काकांकडे वळल्या आणि हसू दाबत म्हणाल्या, "भाईसाहब, आपके यहाँ कोई तवा है जिस पर आप मुहर लगा दें?"

काका आत गेले. भांड्यांच्या फळीवरून एक तवा काढला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, काकूंना विचारलं की यावर कधी पोळीशिवाय काही भाजलं का, काकू "नाही" म्हणाल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा "नाही". मग तो दोन्ही हातांनी मनीषच्या आईसमोर धरून म्हणाले, "सोलह आने."

त्या काकूंच्या स्वयंपाकघरात गेल्या. पदर खोचला आणि पीठ मळायला बसल्या. नंदाला हाक मारली, "इधर आ, बेल." माझ्या डायरीत वेळ लिहिली आहे: एक वाजून पंचेचाळीस. पोळी, लोणचं, दही आणि शेव. पाहुण्यांनी पाणी घेतलं. जेवताना मनीषचे वडील बायकोला हळू आवाजात काहीतरी विचारत होते, आणि त्या मुळीच हळू न बोलता म्हणाल्या, "अरे, इनसे तो एक चम्मच का झूठ नहीं बोला गया. लड़की के बारे में क्या बोलेंगे?"

लग्न मे महिन्यात झालं. पंगतीत काकांनी जिलबीची वेटोळी मोजली नाहीत, याचं श्रेय काकूंना.

ती जप्त पातेली संध्याकाळी माझ्या नवऱ्याने आणि काकांनी संपवली. काका हजेरी घेत होते आणि नवरा प्रत्येक वेळी "हजर" म्हणत होता, तोंडात घास असला तरी.

आम्ही तीन वर्षांनी इंदूरला बदलून आलो. निघताना काकांनी खोली पुन्हा मोजली आणि समाधानाने सांगितलं की आम्ही ती जशी घेतली तशीच परत केली, अकरा फूट दहा इंच. त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले होते. सलाईनच्या बाटलीवरच्या रेघा बरोबर नाहीत, हे त्यांनी नर्सला पटवून दिलं होतं. मला जवळ बोलावून म्हणाले, "मॅडम, एक नोंद राहिली. विहीणबाईंनी ते कधी खाल्लंच नाही. त्यांच्यासाठीच केलं होतं."

मी लिहून घेतलं.

मनीषची आई आता ऐंशीच्या पुढे आहे. देवासला असते, कान थोडे गेलेत, आवाज तसाच. गेल्या दिवाळीत नंदाच्या घरी भेटल्या तेव्हा मी म्हटलं, "अम्माजी, वो सलाद मैं बनाके लाऊँ? बिना मटन का. बर्तन नए, सब नया."

"काटेगा कौन?"

"मैं."

"बराबर काट लेती हो?"

त्या बाईशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "अभी नहीं," मी म्हणाले.

"तो सीख के आना," त्या म्हणाल्या. "समधी जी ने जैसा काटा था, वैसा. मैं कहीं नहीं जा रही."

दिवाळीपासून मी दर रविवारी एक गाजर, एक काकडी आणि पाव कोबी घेऊन बसते. काकडी आता बरीच बरी येते. कोबीचे थर सुटतात. गाजराचं वरचं टोक जाड आणि खालचं बारीक, त्यामुळे शेवटचे तुकडे काही केल्या जमत नाहीत. देवासला जायचं अजून राहिलं आहे.